ढोल, यमक आणि गल्लीचे नाव

हिपहॉप या संगीताचे एक वैशिष्ट्य आहे. त्यात गायक सूर लावत बसत नाही. तो ठेक्यावर भराभर बोलतो. या बोलण्याला रॅप म्हणतात. आमच्या माण तालुक्यात आता घरोघरी मोबाइल आला आहे, त्यामुळे म्हसवडला किंवा दहिवडीला एसटीची वाट पाहत उभे राहिले तरी कोठून तरी रॅप कानावर पडतो. वडीलधारी माणसे म्हणतात, "हा कसला गोंधळ!" मी हा गोंधळ कित्येक वर्षे आवडीने ऐकत आलो आहे. एका गायकाची आठ-दहा गाणी एकत्र प्रसिद्ध झाली की त्या संचाला अल्बम म्हणतात. असे जुने-नवे अल्बम ऐकून माझी काही मते बनली आहेत. ती सर्वांना पटतीलच असे नाही.

या संगीताचा जन्म अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातील ब्रॉन्क्स या गरीब वस्तीत झाला. 11 ऑगस्ट 1973 रोजी तेथील एका मुलीने इमारतीच्या खालच्या दालनात नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवला. शाळा सुरू होणार होती आणि नव्या कपड्यांसाठी तिला पैसे जमवायचे होते. तबकड्या वाजवायला तिचा भाऊ होता. त्याला लोक कूल हर्क म्हणत. गाण्यात बाकीची वाद्ये थांबून फक्त ढोल वाजतो, तो तुकडा लोकांना फार आवडतो, हे त्याने हेरले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या घेऊन तो तेवढाच तुकडा लांबवीत असे. त्या लांबलेल्या ठेक्यावर पोरे नाचू लागली आणि पुढे बोलू लागली.

माणदेशातील माणसाला यात नवल वाटू नये. आमच्याकडील धनगरांचे गजीनृत्य पाहा. ढोल आणि झांज यांचा ठेका संथ सुरू होतो आणि हळूहळू चढत जातो. सुंबरान मांडून ओव्या म्हणणारा धनगरही मध्येच गाणे थांबवून कथा बोलू लागतो. म्हणूनच रन-डीएमसी या तिघांचा 'रेझिंग हेल' (1986) हा अल्बम मला पहिल्यांदा ऐकतानाही परका वाटला नाही. त्यात सजावट थोडी आणि ठोका मोठा. पब्लिक एनिमी या गटाचा 1988 सालचा अल्बम मात्र थोर मानला जात असूनही मी सलग ऐकू शकत नाही. त्यातला अन्यायाविरुद्धचा संताप खरा आहे, पण कर्कश भोंगे ऐकून डोके दुखते!

मला सर्वांत आवडणारा अल्बम म्हणजे नॅस या कवीचा 'इलमॅटिक'. तो 1994 साली आला तेव्हा नॅस अवघ्या 20 वर्षांचा होता. सगळा अल्बम चाळीस मिनिटांत संपतो. क्वीन्सब्रिज या सरकारी चाळींच्या वस्तीत तो वाढला आणि त्याने त्याच वस्तीविषयी लिहिले. खिडकीतून काय दिसते, कोणता मित्र तुरुंगात गेला, त्याला पत्रात काय लिहायचे, हेच त्याचे विषय. एका गाण्याच्या शेवटी त्याचे वडील कॉर्नेट नावाचे तोंडाने फुंकायचे वाद्य वाजवतात. मुलगा बोलून थांबतो आणि बापाचे वाद्य बोलू लागते. एवढ्यासाठी तरी हे गाणे ऐकावे.

उर्दूत ज्याला तुम्ही काफिया म्हणता, त्याला मराठीत यमक म्हणतात. साधा रॅपर ओळीच्या शेवटी यमक जुळवतो. नॅस ते ओळीच्या पोटातही पेरतो, एका ओळीत दोनदा, तीनदा. गझल ऐकून तयार झालेल्या कानाला ही कारागिरी लवकर कळते. तुम्हांला ती माझ्यापेक्षा लवकर कळेल असे मला वाटते.

लॉरिन हिल या गायिकेचा 1998 सालचा अल्बम तर शाळेच्या घंटेनेच सुरू होतो. शिक्षक हजेरी घेतात. सारी मुले ओ देतात, पण लॉरिनचे नाव पुकारल्यावर कोणीच बोलत नाही. पुढे दोन गाण्यांच्या मध्ये तोच वर्ग प्रेम म्हणजे काय याची चर्चा करीत राहतो. शिक्षकाचा आवाज रास बराका यांचा आहे. ते तेव्हा खरोखरच शिक्षक होते. पुढे 2014 साली ते न्यूअर्क शहराचे महापौर झाले. अमेरिकेत वर्षातील सर्वोत्तम अल्बमला ग्रॅमी पुरस्कार देतात. हिपहॉपच्या अल्बमला तो पहिल्यांदा मिळाला तो 1999 साली, याच अल्बमसाठी.

नव्यांमध्ये केंड्रिक लमार याचे नाव मोठे आहे. त्याच्या 2017 सालच्या 'डॅम' या अल्बमला पुढच्या वर्षी पुलित्झर पुरस्कार मिळाला. तरीही मला त्याचा 2015 सालचा, जॅझ वादकांना बरोबर घेऊन केलेला अल्बम अधिक भरीव वाटतो. बक्षिसाने माझे मत बदलले नाही.

आता आपल्याकडे येऊ. 1992 साली बाबा सेहगल यांचा 'ठंडा ठंडा पानी' हा अल्बम फार गाजला. तो गमतीचा होता आणि गमतीपुरताच राहिला. खरी वस्ती बोलू लागली ती पुढे. कुर्ल्याच्या नेझी या तरुणाने 2014 साली एका आयपॅडवर आपले 'आफत' हे गाणे तयार केले. त्याची भाषा पुस्तकी हिंदी नव्हती, पुस्तकी उर्दूही नव्हती. ती कुर्ल्याच्या गल्लीची भाषा होती. अंधेरीच्या डिव्हाइनबरोबर त्याने 2015 साली केलेले गाणे देशभर गेले आणि 2019 साली 'गली बॉय' हा चित्रपट आला. त्या चित्रपटाशी कार्यकारी निर्माता म्हणून नॅसचे नाव जोडलेले आहे. न्यूयॉर्कच्या चाळीचे आणि मुंबईच्या चाळीचे असे नाते जुळले.

डिव्हाइनच्या 'कोहिनूर' (2019) या अल्बममध्ये मला गल्ली ऐकू येते. 'गुनहगार' (2022) मध्ये आवाज सफाईदार झाला, परदेशी पाहुणे आले, पण गल्ली दूर गेली. माझी नव्या अल्बमांविषयीची मुख्य तक्रार हीच आहे. मी किती मोठा, माझी गाडी किती महाग, हे किती वेळा ऐकायचे? हे बोलणाऱ्याचे गाव कोणते, ते शेवटपर्यंत कळत नाही.

गावाचे नाव घेऊन बोलणारे लोक आपल्याकडे पूर्वीही होते. सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आणि बार्शीचे अमर शेख यांनी गवाणकरांबरोबर 1944 साली लाल बावटा कलापथक उभे केले. अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. त्यांची मातृभाषा कोणती, असा प्रश्न त्यांचा मराठी पोवाडा ऐकणाऱ्या गिरणी कामगारांना पडत नसे. हातात डफ, समोर माणसांची गर्दी आणि बोलायला कामगारांचे जिणे. त्यांना रॅप हा शब्द ठाऊक नव्हता, एवढेच.

अलीकडचे एक उदाहरण मला फार आशादायक वाटते. मुंबईच्या स्वदेसी या गटाने 2019 साली आरे येथील जंगलाविषयी एक गाणे केले. त्यात मराठी रॅप आहे आणि त्याच्या जोडीला आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. जुने लोकगीत त्यात शोभेपुरते आणलेले नाही. ते रॅपच्या बरोबरीने बोलते.

आमच्या माणदेशी पोरांचे मला म्हणूनच वाईट वाटते. ती उत्तम रॅप करतात, पण उसन्या पंजाबी नाहीतर इंग्रजी ढंगात! आपली बोली गावंढळ आहे, असे त्यांना कोणीतरी सांगून ठेवले आहे. म्हसवडला 2008 साली माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले, ते याच बोलीच्या जोरावर. मग अल्बम का नको? टँकरपुढे लागलेली घागरींची रांग, चारा छावणीत गुरांजवळ काढलेली रात्र, सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यासाठी परमुलखात गेलेला आणि सणालाच घरी येणारा भाऊ, अशी आठ-दहा गाणी तर सहज होतील. ठेक्यासाठी संगणक नसला तरी चालेल. गजीमंडळातील ढोलवाल्यांना नुसते विचारले तरी ते हौसेने येतील.