चाकणच्या गाड्या, चीनची चुंबके
पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातल्या चाकणमध्ये आज विजेवरच्या गाड्या तयार होतात, आणि तेलाची आयात घटली की परावलंबन संपेल असे आपण धरून चालतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने डिस्प्रोसियम, टर्बियमसह सात दुर्मिळ मूलद्रव्यांच्या व त्यांपासूनच्या चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, तेव्हा हा समज किती कच्चा आहे ते दिसले. गाडीच्या मोटारीतले निओडिमियमचे चुंबक तापले की त्याची ताकद ढासळते; थोडेसे डिस्प्रोसियम ती टिकवते. ते थोडेसे मिळाले नाही, तर बाकी सगळे सुटे भाग तयार असूनही गाडी बाहेर पडत नाही. केरळ-ओडिशाच्या किनाऱ्यावर मोनाझाइट हे दुर्मिळ मूलद्रव्यांचे खनिज आहे, मग खाणी काढा, असे सांगितले जाते. पण त्यात डिस्प्रोसियमसारखी जड मूलद्रव्ये फारच थोडी, आणि खरी अडचण उपसण्याची नाहीच. रासायनिक गुणांनी जुळी वाटावीत अशी ही मूलद्रव्ये एकमेकांपासून वेगळी काढण्याची आहे. ते कसब चीनने प्रदूषण सोसून, कित्येक दशके चिकाटीने कमावले. अशा चुंबकांविना चालणाऱ्या मोटारी आहेत हेही खरे, मात्र तेवढ्याच कामासाठी त्या बहुधा अधिक जड होतात. म्हणून चाकणच्या कामगाराचा पगार रसायनशास्त्रावरही अवलंबून आहे. कारखान्यांना जमीन आणि करसवलत देणाऱ्या सरकारने पुण्यातच, पाषाणला १९५० पासून असलेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या संस्थांना या विलगीकरणासाठी दहा-पंधरा वर्षे न आटणारा पैसा द्यायला हवा, पहिली काही वर्षे हाती काहीच लागले नाही तरीही.