तीन हजार डॉलरची सही

मंडळी, बरेच दिवसांनी लिहितेय. मोतीबिंदूचं निमित्त होतं, ते आता संपलं. विषय वाचून काही जण म्हणतील, म्हातारीला आता अमेरिकन फुटबॉलचं वेड लागलं की काय! वेड वगैरे नाही. पण एका मुलाची गोष्ट डोक्यातून जात नाही, आणि डोक्यातून जात नाही ते इथे लिहायचं असं ठरवूनच तर हा ब्लॉग सुरू केला होता.

२०१४ साली आम्ही दोघं लेकाकडे अटलांटाला सहा महिने होतो. नातू तेव्हा आठ वर्षांचा. शनिवार उजाडला की त्याच्या अंगात लाल जर्सी, पुढे-मागे मोठा ३ चा आकडा. नाव कुठेच नाही. मी विचारलं, "हा तीन नंबर कोण रे?" तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं कुणी सचिन कोण विचारावं. "आजी, गर्ली! टॉड गर्ली!" तिथून शंभरएक किलोमीटरवर अथेन्स गावात जॉर्जिया विद्यापीठ आहे, त्यांच्या संघाचा हा 'रनिंग बॅक'.

आता रनिंग बॅक म्हणजे काय ते मला जसं कळलं तसं सांगते. चेंडू काखेत घट्ट धरायचा आणि समोरच्या अकरा धिप्पाड माणसांच्या भिंतीत घुसायचं. आपल्या कबड्डीत चढाईला गेलेला गडी असतो ना, तसाच. फरक एवढाच, की तिथे परत यायचं नाही, पुढेच जायचं, आणि पकडणारे पाय धरून थांबत नाहीत, अंगावर उडी घेतात. एका सामन्यात वीस-पंचवीस वेळा. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळे मिटून घेतले होते.

हा मुलगा नॉर्थ कॅरोलायनातल्या टारबरो नावाच्या छोट्या गावातून आलेला. तेव्हा वीस वर्षांचा. त्याला बघायला ९२ हजारांवर माणसं तिकीट काढून बसायची. त्याच्या प्रशिक्षकाचा पगार वर्षाला ३० लाख डॉलरच्या वर. दुकानात तीन नंबरच्या जर्सी टांगलेल्या, आम्हीही एक विकत घेतलेली. आणि मुलाला काय? फी माफ, राहणं-जेवण. कॉलेजच्या खेळाडूने खेळातून पैसा कमवायचा नाही असा नियम होता. बरं, मग शाळा संपवून थेट व्यावसायिक संघात जावं, तर तेही नाही! शाळा सुटल्यावर तीन वर्षं उलटल्याशिवाय एनएफएलचं दार उघडत नाही. मॉरिस क्लॅरेट नावाच्या एका खेळाडूने या नियमाविरुद्ध दावा लावला होता. आधी जिंकला, मग २००४ साली अपिलात हरला.

ऑक्टोबर २०१४ मध्ये बातमी आली. गर्लीने आपल्या सह्या केलेल्या वस्तूंचे पैसे घेतले होते. दोन वर्षांत मिळून तीन हजार डॉलरच्या थोडे वर. त्याला चार सामने बाहेर बसवलं. नातवाने जेवण सोडलं, आणि मी (हे लिहिताना लाज वाटते) त्याला समजावलं, "बाळा, नियम तो नियम. चूक केली की शिक्षा होणारच."

तेहतीस वर्षं वर्गात उभी राहिलेय, ते वाक्य तोंडातच बसलेलं होतं.

शिक्षा भोगून गर्ली १५ नोव्हेंबरला ऑबर्नविरुद्ध मैदानात उतरला. १३८ यार्ड धावला. आणि सामना जवळजवळ जिंकलेला असताना, शेवटच्या भागात, डाव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. परत आल्याच्या त्याच दिवशी! त्या रात्री मला झोप लागली नाही. सारखा एक मुलगा आठवत राहिला. आमच्या शाळेतला, आठवीतला. जत्रेच्या फडात कुस्ती मारून इनाम आणायचा. मी त्याला भर वर्गात म्हणाले होते, "खेळाडूने पैशाकडे बघायचं नसतं." तो मान खाली घालून म्हणाला, "बाई, त्याच पैशाचं दूध येतंय घरी." वर्ग हसला होता. मीही हसले असेन. उत्तर मात्र मी दिलं नव्हतं.

गर्लीचं पुढे तसं छान झालं. २०१५ साली रॅम्स संघाने त्याला दहाव्या क्रमांकावर निवडलं, त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित आक्रमक तोच. २०१७ साली तर साऱ्या लीगमधला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू. २०१८ च्या जुलैमध्ये चार वर्षांचा जवळजवळ सहा कोटी डॉलरचा करार, त्यात साडेचार कोटींची हमी. त्यावेळी एवढा करार कुठल्याच रनिंग बॅकचा नव्हता. पण त्या मोसमाच्या अखेरीला तोच डावा गुडघा कुरकुरू लागला. फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये त्याच्या हातात चेंडू दिला दहा वेळा, यार्ड झाले ३५. मार्च २०२० मध्ये संघाने त्याला सोडून दिलं. वय किती? पंचवीस! माझी नोकरी सुरू झाली तेव्हा मी त्याहून मोठी होते.

धाकट्या जाऊबाई फोनवर म्हणाल्या, "अगं, कोट्यवधी मिळाले त्याला, तू कशाला रडतेस?" बरोबर आहे. त्याच्यासाठी मी रडत नाहीये. पण साउथ कॅरोलायना विद्यापीठाचा मार्कस लॅटिमोर घ्या. याच जागेवर खेळणारा, तितकाच गाजलेला. २०१२ साली कॉलेजच्या सामन्यात त्याचा गुडघा निखळला. पुढच्या वर्षी चौथ्या फेरीत निवड झाली खरी, पण एनएफएलचा एकही सामना न खेळता नोव्हेंबर २०१४ मध्ये निवृत्त. ज्या वर्षांत त्याचं शरीर सोन्याचं होतं, ती वर्षं नियमाने फुकट घेतली. माझं भांडण आहे ते याच्याशी. बाकी कुठलीही विद्या वयाबरोबर वाढते. मी पन्नाशीत जसं व्याकरण शिकवलं तसं तिशीत नाही जमलं. धावणाऱ्याचं उलटं असतं. त्याची सगळी कमाई विशीतच. तिथेच "अजून लहान आहेस" म्हणायचं, आणि पंचविशीत "आता म्हातारा झालास"?

कुणी म्हणेल, सॅक्वॉन बार्कली बघा, सत्ताविसाव्या वर्षी २०२४ च्या मोसमात २००५ यार्ड धावला. पाहिलं मी ते, टाळ्याही वाजवल्या. पण सगळेच बार्कली नसतात.

नियम बदलला, बरं का. १ जुलै २०२१ पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावाचे, सहीचे पैसे घेता येऊ लागले. २०२५ पासून तर विद्यापीठंच थेट पैसे देऊ शकतात. म्हणजे ज्यासाठी गर्लीला चार सामने बसवलं, तो आता गुन्हाच नाही. मी नातवाला फोन करून सांगितलं, "तेव्हा आजी चुकली होती." त्याला मी काय म्हणाले होते तेसुद्धा आठवत नव्हतं! असो.

रॅम्सने सोडल्यावर गर्ली एक मोसम अटलांटाच्याच संघात आला होता, तेव्हा नातवाला कोण आनंद. ऑक्टोबर २०२० मध्ये डेट्रॉइटविरुद्ध शेवटचं मिनिट उरलेलं. गर्लीने रेषेच्या अलीकडेच थांबायचं, घड्याळ चालू द्यायचं आणि शेवटी किक मारून जिंकायचं, असं ठरलेलं. तो थांबायला गेला, पण वेगात अंग पुढे कलंडलं आणि टचडाउन झाला! उरलेल्या वेळात डेट्रॉइटने सामना मारला, २३-२२. इथे आमच्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. नातवाचा फोन, रडवेला आवाज. "आजी, त्याला थांबायचं होतं, पण थांबताच नाही आलं."

मी विचारलं, "त्याच्या गुडघ्याला नाही ना लागलं काही?"

"नाही," म्हणाला.