मागच्या आसनावरचीं माणसें

दरवर्षीं जानेवारी उजाडला कीं रस्ता-सुरक्षा अभियानाचे फलक चौकाचौकांत लागतात. शाळांतून मुलांकडून घोषवाक्यें लिहवून घेतात, आर. एस. पी. च्या पथकांतील मुलें शिट्ट्या वाजवीत वाहतूक थोपवितात, आणि महिना सरला म्हणजे फलक उतरतात. या खटाटोपाविषयीं आमच्या पूनम सागरांतील एका वयोवृद्ध गृहस्थांनीं मागें काढलेले उद्गार वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांतलेच असतील. ते म्हणाले, "अहो, ज्याची घटका भरली तो जायचाच. रस्ता हें केवळ निमित्त." त्यांच्या वयाचा व व्यासंगाचा मान राखूनहि या मताचा विचार करणें अवश्य आहे, कारण आपल्या सुशिक्षित घरांतून हें मत जितक्या सहज बोललें जातें, तितक्याच सहज तें आचरणांतहि उतरतें.

देवी आल्या म्हणजे शीतलेचा कोप आणि पटकी आली म्हणजे मरीआईचा फेरा, असें आपलेच पूर्वज मानीत होते. १८९७ सालीं मुंबईंत डॉ. हाफकिन यांनीं प्लेगवरील लस तयार केली, तेव्हां ती टोंचून घेण्याविषयीं लोकांत मोठी धास्ती होती. आज त्याच घरांतील सून लसीची तारीख चुकवीत नाहीं, आणि सासूबाईच तिला त्या तारखेची आठवण करून देतात. यांचा प्रारब्धावरील विश्वास उडाला आहे असें मुळींच नव्हे. रोगाचें कारण कळलें, एवढेंच. रस्त्यावरील मृत्यूचीं कारणेंहि अशींच शोधतां येतात, आणि तीं शोधणारें एक शास्त्र गेल्या ऐंशी-पंचाऐंशी वर्षांत उदयास आलें आहे, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक असते.

या शास्त्राचा एक धागा एका प्रसिद्ध पुरुषाच्या मृत्यूपाशीं जाऊन पोंचतो. १९३५ सालीं इंग्लंडांत टी. ई. लॉरेन्स हा योद्धा व ग्रंथकार मोटारसायकलवरून पडला आणि डोक्यास मार लागून कांहीं दिवसांनीं वारला. त्याला तपासणाऱ्यांत ह्यू केर्न्स नांवाचे मेंदूचे शस्त्रवैद्य होते. पुढें महायुद्ध चालू असतां, १९४१ सालीं, केर्न्स यांनीं मोटारसायकलस्वारांच्या डोक्यांच्या जखमांचा अभ्यास करून शिरस्त्राणाचें महत्त्व आंकड्यांनिशीं मांडलें आणि ब्रिटिश लष्करानें त्याच वर्षीं आपल्या स्वारांना तें सक्तीचें केलें. त्यानंतर अमेरिकेंत विल्यम हॅडन या वैद्यानें एक साधें कोष्टक तयार केलें. अपघातापूर्वीं, अपघाताच्या क्षणीं व अपघातानंतर अशा तीन वेळा एका बाजूस. माणूस, वाहन व परिस्थिति अशीं तीन कारणें दुसऱ्या बाजूस. जन्मपत्रिकेंत बारा घरें असतात, हॅडनच्या कोष्टकांत नऊच आहेत. परंतु या नऊ घरांत डोकावलें म्हणजे 'ड्रायव्हर बेफिकीर होता' या एका वाक्यानें विषय संपत नाहीं, हें लक्षांत येतें. तो बेफिकीर होता हें खरें. पण खांबाला कठडा कां नव्हता? पट्टा कां बांधला नव्हता? रुग्णवाहिका यावयास इतका वेळ कां लागला?

हें असें विचारणें आपल्या महाराष्ट्रांत प्रत्यक्ष कोठें घडलें असेल, तर मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर. सुमारें साडेचौऱ्याण्णव किलोमीटरांचा हा मार्ग २००२ सालीं पुरा खुला झाला, आणि तेव्हां त्याचें कौतुक करतांना आपण थकत नव्हतों. घाटांतून दोन-अडीच तासांत पुणें! मात्र वेग वाढला तसे मृत्युहि वाढले. २०१२-१३ च्या सुमारास जे. पी. रिसर्च या कोइमतूरच्या संस्थेच्या संशोधकांनीं या मार्गावरील अपघातांचा वर्षभर अभ्यास केला. अपघात झाला कीं जागेवर जावयाचें, रस्त्यावरील चाकांच्या खुणा मोजावयाच्या, चुरडलेलें वाहन तपासावयाचें आणि कोणाला कोठें व कशामुळें लागलें याची नोंद करावयाची, असें हें चिकाटीचें काम. पोलिसांच्या दप्तरांत अपघाताचें कारण बहुधा एका ओळींत उरकलेलें असतें. येथें एकेका अपघाताच्या मागें माणूस, वाहन व रस्ता या तिघांचाहि वांटा लिहिला गेला.

त्यानंतर २०१६ सालीं रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस, महिंद्र कंपनी आणि सेव्ह लाइफ फाउंडेशन ही संस्था यांनीं मिळून या मार्गावर 'शून्य मृत्यु' चा संकल्प सोडला. सेव्ह लाइफचे संस्थापक पीयूष तिवारी यांचा लहान चुलतभाऊ २००७ सालीं दिल्लींत रस्त्यावर जखमी होऊन पडला होता. येणारे-जाणारे पुष्कळ होते, परंतु वेळेवर मदत मिळाली नाहीं व तो गेला. त्या दुःखांतून २००८ सालीं ही संस्था निघाली. २०१६ हें वर्ष द्रुतगति मार्गास फारच वाईट गेलें. त्या वर्षीं तेथें १५१ माणसें मेलीं. जून महिन्यांत पनवेलनजीक चाक निकामी झाल्यामुळें रस्त्याच्या कडेला थांबलेल्या मोटारीवर व तिच्याजवळ उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीवर एक बस आदळून दरींत गेली व १७ जण ठार झाले. द्रुतगति मार्गावर कडेला थांबणें म्हणजे काय, हें त्या दिवशीं साऱ्या महाराष्ट्राला कळलें. किती दिवस लक्षांत राहिलें, तें सांगवत नाहीं. आजहि घाटांत गाडी उभी करून छायाचित्रें काढणारीं कुटुंबें दिसतातच.

योजनेंत केलेलें काम पाहावयास अगदीं साधें आहे. पुलांचे उघडे खांब व सिमेंटचे कंगोरे यांच्याभोंवतीं लोखंडी कठडे घालणें, कठड्यांचीं उघडीं टोंकें झांकणें, कडेला थांबलेलीं वाहनें हटविणें, मार्गिका सोडणाऱ्या मालमोटारींवर व वेगावर नजर ठेवणें, पोलिसांना व रुग्णवाहिकांवरील लोकांना जखमी माणूस कसा उचलावा याचें शिक्षण देणें. पुढील कांहीं वर्षांत संस्थेच्या हिशेबाप्रमाणें मृत्यूंचा आंकडा निम्म्याहूनहि खालीं उतरला. तो मधून मधून पुन्हां वर चढतो आणि शून्य अद्याप दूर आहे, हेंहि सांगितलें पाहिजे. तरीपण आमच्या वयोवृद्ध स्नेह्यांना आम्हीं एवढेंच विचारतों कीं, या वर्षांत घाटांतून जाणाऱ्या माणसांचें प्रारब्ध बदललें, कीं खांबाभोंवतीं कठडा आला?

आतां घराकडे वळूं. आमच्या मिरा रोडच्या पूर्वेस, काशीमिऱ्यावरून, मुंबई-अहमदाबाद महामार्ग जातो. वसई-विरारकडे अगर गुजराथेंत जाणाऱ्या येथल्या प्रत्येक कुटुंबाचा तो नेहमींचा रस्ता. याच महामार्गावर पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलाशीं ४ सप्टेंबर २०२२ रोजीं उद्योगपति सायरस मिस्त्री यांचा अंत झाला. गाडी उत्तम, उंची व सर्व साधनांनीं युक्त. तीन पदरांचा रस्ता त्या पुलापाशीं दोन पदरांचा होतो व गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. पुढील आसनांवरील दोघें जबर जखमी होऊन वांचलीं. मागच्या आसनांवरील दोघे गेले. त्या दोघांनीं पट्टे बांधले नव्हते.

मागील आसनावर पट्टा बांधण्याचा नियम तत्पूर्वीं कित्येक वर्षांपासून पुस्तकांत होता. परंतु आपल्या एकत्र कुटुंबाची मोटार कशी भरते तें पाहा. पुढें चिरंजीव व वडील, पोलीस दिसेल म्हणून पट्टे आंवळून. मागें आजी, सूनबाई, दोन नातवंडें, डब्यांची पिशवी, आणि धाकटें मूल आईच्या मांडीवर. ज्यांचा जीव आपल्याला अधिक मोलाचा वाटतो, तींच माणसें आपण मागें मोकळीं बसवितों, आणि "मागें काय होतंय!" असें वर म्हणतों. काय होतें तें गणितानें सांगतां येतें. ताशीं ५० किलोमीटर वेगानें चाललेली गाडी एकदम आदळली, तर आंतील मोकळें माणूस त्याच वेगानें पुढें जात राहतें. हा धक्का सुमारें दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून, खालीं पडण्याइतका असतो. मांडीवरच्या दहा किलोच्या मुलाला अर्ध्या मीटरच्या अंतरांत थांबवावयाचें झाल्यास आईच्या हातांवर दोनशें किलोंच्या जवळपास भार येतो. तो कोणत्याहि आईला पेलणार नाहीं. शिवाय मागचें मोकळें माणूस पुढच्या आसनावर जाऊन आदळतें, म्हणजे पट्टा बांधलेल्या चिरंजीवांनाहि धोका राहतोच.

पट्ट्यानें लुगड्याची घडी मोडते, श्वास कोंडतो, ही तक्रार आम्हीं ऐकली आहे व ती खोटी नाहीं. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर न ठेवतां मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर बसवावा आणि वरचा भाग खांद्याच्या मध्यावरून छातीवर यावा. मग कोंडल्यासारखें होत नाहीं. गर्भारशीनें पट्टा बांधूं नये हा समज तर सर्वस्वीं चुकीचा आहे. तिनें खालचा पट्टा पोटाच्या उंचवट्याखालून घ्यावा व वरचा पोटाच्या बाजूनें. मुंबईच्या पोलिसांनीं २०२२ च्या नोव्हेंबरपासून सर्व प्रवाशांना पट्टा सक्तीचा केला, पण दंडाच्या भीतीनें बांधलेला पट्टा नाका ओलांडतांच सुटतो. तो बांधविण्याचें खरें सामर्थ्य घरांतील आजींच्या हातीं आहे. "सगळ्यांनीं बांधल्याशिवाय गाडी हलणार नाहीं," असें त्यांनीं एकदां म्हटलें कीं, कोणाची छाती आहे!

दुचाकीची कथा याहून करुण. २०२२ सालीं देशांत रस्त्यांवर १,६८,४९१ माणसें मेलीं. आपल्या महाराष्ट्रांत १५,२२४, म्हणजे रोज चाळीसच्या वर. देशांतील या मृतांपैकीं शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. शिरस्त्राणानें मृत्यूचा संभव शेंकडा चाळीसच्या आसपास व डोक्याच्या जखमांचा शेंकडा सत्तरच्या आसपास कमी होतो, असें अनेक देशांतील अभ्यासांचें सार आहे. असें असतां २०१९ च्या जानेवारींत पुण्यांत सक्ती सुरू होतांच हेल्मेटविरोधी कृति समिति उभी राहिली! पगडीच्या शहराला दुसऱ्या शिरोभूषणाचें वावडें असावें, यांत मौज आहे. परंतु विद्येचें माहेरघर म्हणविणाऱ्या नगरीनें केर्न्सच्या निबंधानंतर पाऊणशें वर्षांनीं हा वाद घालावा, यांत आम्हांला तरी भूषण वाटत नाहीं. कायदा मागें बसणाऱ्यालाहि लागू आहे, चार वर्षांवरील मुलालाहि आहे. अंबाडा व गजरा यांची अडचण होते हें आम्हीं जाणतों. गजरा पोंचल्यावर माळतां येतो.

येथवर द्रुतगति मार्ग व मोटारी यांविषयींच लिहिलें. संशोधनाचा ओघहि मोठ्या रस्त्यांकडेच अधिक असतो, आणि आमच्या मतें ही या चळवळीची उणीव आहे. २०२२ च्या मृतांत ३२,८२५ पादचारी होते. पूनम सागरांतून सकाळीं स्टेशनाकडे निघालेलीं माणसें, शाळेच्या रिक्षेची वाट पाहणारीं मुलें, भाजी घेऊन परतणाऱ्या वृद्ध स्त्रिया, यांना महामार्गावरील कठड्यांचा काय उपयोग? पदपथावर दुकान किंवा उभी मोटार असते, म्हणून त्या रस्त्याच्या मधून चालतात, आणि मग दोष त्यांनाच दिला जातो. वस्तींतील रस्त्यांवर वेग ताशीं तीस किलोमीटरांवर आणावा, असें २०२० सालच्या स्टॉकहोम येथील जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यांत म्हटलें आहे. तीसच्या वेगाचा धक्का साडेतीन मीटरांवरून पडण्याइतका. पन्नासचा दहा मीटरांवरून. शिवाय पन्नासच्या वेगांत चालकाला मूल दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत, एका सेकंदांत, गाडी चौदा मीटर पुढें गेलेली असते. आमच्या गल्ल्यांची रुंदीसुद्धां तेवढी नाहीं. गृहनिर्माण संस्थांच्या सभांत रंगाच्या छटेवर दोन-दोन तास चर्चा होते. आपल्या फाटकाबाहेर वर्षभरांत कोण, कोठें, कोणत्या वेळीं धडकलें याची एक वही ठेवली व ती महापालिकेकडे नेली, तर तेंहि संशोधनच होय.

राहतां राहिली मदतीची गोष्ट. "पोलिसांचा ससेमिरा मागें लागेल" या भीतीनें शिकलेला माणूसच जखमीपासून दूर सरतो, असें दिसतें. सेव्ह लाइफ संस्थेच्याच अर्जावरून सर्वोच्च न्यायालयानें ३० मार्च २०१६ रोजीं मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ति कायद्यांत १३४ अ हें कलम त्यासाठींच घातलें गेलें. मदत करणाऱ्याला आपलें नांव-गांव सांगण्याची सक्ती करतां येत नाहीं, आणि त्यानें सद्भावनेनें केलेल्या मदतींत कांहीं उणें राहिलें तरी त्याच्यावर दिवाणी वा फौजदारी दावा चालत नाहीं. २०२५ च्या मे महिन्यापासून अपघातांत सांपडलेल्या व्यक्तीस नियुक्त रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत विनामूल्य उपचार मिळण्याची केंद्र सरकारची योजनाहि लागू झाली आहे. जखमीची मान न हलवितां, रक्त वाहत असेल तेथें स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावें, पाणी पाजूं नये, आणि १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. महाराष्ट्रांत ही सेवा २०१४ पासून चालू आहे. हा क्रमांक घरांतील लहान मुलांनाहि पाठ असावा.