सुनेच्या नावाचे घर

घराला बांधणाऱ्या पुरुषाचे नाव लागावे, ही आपल्याकडची रीत. जळगावच्या जुन्या गावातील चौधरीवाड्यात ती उलटी झाली आहे. घर शेतकरी चौधरी कुटुंबाचे. आसोद्याच्या महाजनांची मुलगी नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी लग्न होऊन तेराव्या वर्षी येथे सून म्हणून आली, तिशीच्या सुमारास विधवा झाली आणि पुढे शेतात-घरात राबत राहिली. आज हे घर संग्रहालय म्हणून जतन केले आहे ते तिच्यासाठी, बहिणाबाईंसाठी. त्यांच्या वापरातील शेतीची अवजारे, स्वयंपाकाची भांडी, पूजेचे साहित्य तेथे सांभाळले आहे. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. तेव्हा त्यांच्या कवितेच्या अभ्यासकाने हस्तलिखिताच्या जागी ही अवजारेच वाचावीत, असे आम्हांस वाटते.

या घराचे भाग्य असे की चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी ऐकलेले टिपून ठेवले, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला. टिपणारे कोणी नसते तर? मग ते आमच्या उदगीरकडच्या कुठल्याही घरासारखे निमूटपणे पडले असते.

आमच्याकडची जुनी घरे माळवदाची. खांब-तुळयांवर लाकडी छत, त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, भिंती दगडमातीच्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात अशाच घरांखाली हजारो माणसे गाडली गेली. त्यानंतर ज्यांनी माळवदे उतरवून पत्रे आणि स्लॅब घातले, त्यांना वारसा जपण्याचे धडे देणे उद्धटपणाचे होईल. त्यांनी केले ते योग्यच.

पण माळवदाबरोबर ढेळज गेली, उजेडासाठी छतात ठेवलेले साणे गेले, धान्याचे बळद गेले. ग्रामीण कादंबरी शिकवताना ‘बळद’ या शब्दाशी आम्हांला थांबावे लागते. समोरच्या मुलांपैकी अनेकांच्या आज्यांनी त्यात ज्वारी भरलेली असते! एप्रिल २०२२ मध्ये उदगीरला ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. ग्रंथदिंड्या, परिसंवाद, सारे यथासांग पार पडले. बळदाचा विषय कोणी काढला असता तर तो साहित्याचा मानला गेला असता का, याची आम्हांला शंका आहे.

आमचे मागणे लहान आहे. तालुक्यातील एक तरी माळवदाचे घर, छताचा भार हलका करून, भिंतींना आधार देऊन राखावे. ते कोणा कवीचे वा देशमुखाचे असण्याची गरज नाही. दाराशी बांधणाऱ्याचे नाव लिहावेच. पण दरवर्षी भिंती सारवणाऱ्या, बळद भरणाऱ्या, दळताना ओव्या म्हणणाऱ्या सुनांचीही नावे विचारून लिहावीत.

तोवर एम.ए.च्या मुलांना एक स्वाध्याय मार्गदर्शकातून उतरवून आणण्याऐवजी (तो तसाच येतो, हे आपण सारे जाणतो) आजीच्या घराचा नकाशा काढून आणायला सांगता येईल. प्रत्येक कोपऱ्याचे नाव तिच्याच तोंडून घ्यावे, आणि त्या जागी ती काय करीत असे तेही.