ताणाचे मोजमाप आणि मोजमापाचा ताण

वर्षातून एकदा रक्तातील साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घेण्याची सवय शहरी मध्यमवर्गाला आता चांगलीच लागली आहे. या यादीत अलीकडे आणखी एका नावाची भर पडली आहे. ते नाव म्हणजे कॉर्टिसॉल. २०२४ मध्ये समाजमाध्यमांवर सुजलेल्या चेहऱ्याला ‘कॉर्टिसॉल फेस’ म्हणण्याची टूम निघाली, आणि आरोग्य तपासणीच्या ‘पॅकेज’मध्ये या ‘स्ट्रेस हार्मोन’ची चाचणीही विकली जाऊ लागली. सुईच्या एका टोचणीत मनावरचा ताण आकड्यात कळणार असेल, तर तो कोणाला नको आहे? प्रश्न इतकाच, की ही चाचणी खरोखर ताण मोजते काय?

मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींमध्ये कॉर्टिसॉल तयार होते. मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून पीयूषिका ग्रंथीला आणि तिच्याकडून अधिवृक्क ग्रंथींना आज्ञा जाते. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या टिपणात, निरनिराळ्या आघातांना प्राण्यांचे शरीर एकसारखाच प्रतिसाद देते, असे दाखवले आणि ताण व अधिवृक्क ग्रंथी यांचे नाते जगासमोर आले. पण कॉर्टिसॉल हा काही केवळ ताणाचा दूत नव्हे. रक्तातील साखर राखणे, रक्तदाब टिकवणे, दाह आवरणे ही त्याची नित्याची कामे आहेत. त्याच्यावाचून निवांत माणूसही जगू शकत नाही.

शिवाय हे संप्रेरक घड्याळाच्या काट्यावर चालते. पहाटेपासून त्याची पातळी चढते, जाग येण्याच्या सुमारास ती सर्वाधिक असते आणि मध्यरात्री तळ गाठते. सकाळी आठच्या सुमारास साधारण ५ ते २५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर एवढी पातळी सामान्य मानतात. एवढ्या रुंद पट्ट्यात दोन निरोगी माणसांच्या आकड्यांत चौपट फरक असला, तरी दोघेही ठणठणीतच! रात्रपाळी करणाऱ्यांचे हे घड्याळ मुळातच विस्कटलेले असते. नेहमीच्या चाचणीत मोजले जाते ते एकूण कॉर्टिसॉल, आणि त्यातील नव्वद टक्क्यांहून अधिक भाग प्रथिनांना बांधलेला असतो. गर्भारपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांमुळे ही प्रथिने वाढली, की ताण नसतानाही आकडा फुगतो. केसांसाठी सर्रास घेतले जाणारे बायोटिन काही चाचण्यांचे निष्कर्ष चुकवू शकते. आणि सुईची भीती वाटणाऱ्याचे कॉर्टिसॉल तर सुईमुळेही वाढू शकते.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे, दीर्घकालीन ताणात हा आकडा वाढलेलाच असेल असे नाही. भीषण आघातानंतरच्या मनोविकारात अनेक अभ्यासांत तो उलट कमी आढळला आहे. म्हणजे जो खरोखर पिचलेला आहे, त्याचाही अहवाल ‘नॉर्मल’ येऊ शकतो.

मग ही चाचणी निरुपयोगी आहे काय? मुळीच नाही. तिचे क्षेत्र वेगळे आहे. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेल्या रोगात कॉर्टिसॉल धोकादायकरीत्या घटते. आपल्याकडे क्षयरोग हे त्याचे एक कारण असते. हार्वे कुशिंग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारात ते बेसुमार वाढते. त्यासाठीसुद्धा कोणत्याही वेळी घेतलेल्या एका नमुन्यावर विसंबू नये, असे अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने २००८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत बजावले आहे. रात्री उशिराची लाळ, चोवीस तासांची लघवी किंवा डेक्सामेथासोनची गोळी देऊन केलेली चाचणी, हे त्याचे मार्ग आहेत.

आपल्या देशात आणखी एक धोका आहे. सांधेदुखी, दमा, त्वचेचे विकार यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय महिनोन् महिने घेणारे रुग्ण कमी नाहीत. बाहेरून औषध मिळत राहिल्याने ग्रंथी सुस्तावते. गोळी अचानक थांबवली, की रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. अशा रुग्णासाठी सकाळचे कॉर्टिसॉल ही मोलाची चाचणी आहे. पण तिची जाहिरात कोणी करीत नाही, कारण हा ग्राहक ‘पॅकेज’ विकत घेणारा नसतो.

ताणाच्या नावावर ही चाचणी विकण्याने दुहेरी नुकसान होते. निरोगी माणसाला किंचित वाढलेला आकडा नवी चिंता लावतो, आणि तो पुढच्या चाचण्यांच्या व कॉर्टिसॉल उतरवण्याचा दावा करणाऱ्या चूर्णांच्या मागे लागतो. याउलट झोप उडालेल्या, खचलेल्या माणसाच्या हाती ‘सारे काही ठीक’ असा कागद पडतो, आणि घरचे व कार्यालयातले लोक त्याचीच साक्ष काढतात. दुसरे नुकसान अधिक क्रूर आहे.

ताण ओळखण्यासाठी आजही सर्वांत विश्वासार्ह साधन म्हणजे साधा प्रश्न: झोप लागते का, भूक लागते का, कशात मन रमते का? उत्तरे नकारार्थी असतील, तर प्रयोगशाळेऐवजी डॉक्टर किंवा समुपदेशक गाठावा. केंद्र सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. कामाचे तास, रोजचा जीवघेणा प्रवास आणि डोक्यावरचे कर्ज यांतून येणारा ताण रक्ताच्या नळीत मावत नाही. तो ऐकून घेणारा कोणीतरी लागतो.