सरासरी आणि शेतकरी

धार आणि देवास या पवारांच्या जुन्या राजधान्या. आज भोवतालच्या माळव्यात सोयाबीनचे राज्य आहे. 2017 साली मध्यप्रदेश शासनाने ‘भावांतर भुगतान योजना’ काढली. 2025 साली ती सोयाबीनसाठी पुन्हा आली. बाजारभाव हमीभावाखाली उतरल्यास मधले अंतर शासनाने शेतकऱ्यास द्यावे, ही कल्पना आम्हांस स्तुत्य वाटते.

परंतु हे अंतर मोजतात ते अनेक बाजारांच्या सरासरी भावापासून. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. 2017 साली सोयाबीनचा हमीभाव बोनससह क्विंटलला 3050 रुपये होता. समजा, सरासरी 2600 निघाली. म्हणजे अनुदान 450. ज्याचा माल 2300 ला गेला, त्याच्या हाती 2750 पडले, 300 बुडाले. निकडीपोटी पडत्या भावात विकणारा बहुधा लहान शेतकरीच असतो.

केवळ पावतीवर अनुदान दिल्यास व्यापारी संगनमताने भाव पाडतील, ही भीती खरी आहे. म्हणून आमचे मत असे की, सरासरी त्याच बाजारसमितीची व त्याच दिवसाची धरावी. सरासरी गणितात शोभते. कोणाचेही घर तिच्यावर चालत नाही.