दगडाला दुखते का?



लेकरू धावताना पडले की आजी जमिनीला दोन चापट्या मारते, "हात् मेल्या, माझ्या बाळाला लागलं!" लेकराचे रडे थांबते. तेच लेकरू थोडे मोठे झाले की भायखळ्याला राणीच्या बागेत जाते, भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती बघते आणि विचारते, "हा तुटला तेव्हा याला दुखलं असेल का?" प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटले. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना तुकडे झाले, तुकडे भायखळ्याला आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते जोडून हत्ती पुन्हा उभा केला.

त्याला दुखले नाही. तथागतांनी सांगितले की, डोळा आणि रूप यांची गाठ पडते तेव्हा पाहण्याची जाणीव उपजते. कान आणि आवाज यांची पडते तेव्हा ऐकण्याची. तिलाच विञ्ञाण म्हणतात. दगडाला ना डोळा, ना कान, ना चिमटा जाणवणारी कातडी. मग दुखणार कोणाला? १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी विजेचा दाखला दिला आहे. वीज असते तिथे तिच्याबरोबर चुंबकीय क्षेत्र असते, तशी जिवंत कायेबरोबर जाणीव असते. बाहेरून कोणी ती आत ठेवत नाही.

२१ सप्टेंबर १९९५ आठवा. गणपती दूध पितो म्हणून दिल्लीतून बातमी उठली आणि दिवस मावळायच्या आत मुंबईच काय, लंडनपर्यंत रांगा लागल्या. काठोकाठ भरलेला चमचा ओल्या मूर्तीला टेकवला की पृष्ठताणाने दूध ओढले जाते आणि पातळ थराने अंगावरून खाली ओघळते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घातला, तेव्हा ओघळ डोळ्यांना दिसला. दगड प्यायला नव्हता, दूध गटारात गेले.

पण आम्हाला त्या दुधापेक्षा महाडचे पाणी जास्त आठवते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले. नंतर सनातन्यांनी १०८ घागरींत शेण, गोमूत्र, दूध, दही घालून, मंत्र म्हणत तळे 'शुद्ध' करून घेतले. गुराढोरांनी तोंड लावले तर ते पाणी बाटत नव्हते. म्हणजे पाण्याला जात ओळखता येत होती म्हणायची! पाण्याला जाणीव आहे असे मानणाऱ्यांना तहानलेल्या माणसाची जाणीव नव्हती. जड वस्तूत जीव मानण्याचा हा खेळ निरुपद्रवी नसतो, तो कोणाच्या घशावर येतो ते बघावे लागते.

आता मोबाईल बोलू लागला आहे. पोरे त्याला गोष्टी विचारतात, तो गोड उत्तर देतो. त्याला कळते की नाही यावर विद्वानांचा वाद चालू आहे. चालू दे. त्याची बॅटरी उतरली तर त्याचा जीव कासावीस होतो असे आम्हाला तरी वाटत नाही.

आपल्या घरातही बघू या. विहारातली बुद्धमूर्ती ऐकत नाही. म्हणून तिच्याकडे पोरासाठी नोकरी मागू नये, नवस बोलू नये. मेणबत्ती लावायची ती आपल्याला त्रिशरण-पंचशीलाची आठवण राहावी म्हणून. आमच्या काही भगिनींना हे कडू लागेल, तरी सांगतो.

आणि पुस्तक? त्याला पाय लागला की आपण पटकन हात लावून कपाळाला लावतो. लेकरे विचारतात, पुस्तकाला राग येतो का? नाही येत. त्यांना खरे कारण सांगा. आपल्या पणजोबांना अक्षर शिकायची बंदी होती. शाळेत घेतलेच तर दाराबाहेर बसवत, पाटीला गुरुजी हात लावत नसत.